कॉलरच्या आतला काळा

तो शर्ट मी घेतला तो केवळ धोट्यासाठी.

कॅरी गावातल्या माझ्या अपार्टमेंटपासून ऑफिसला जाताना वाटेत जुन्या कपड्यांचं एक दुकान लागायचं. लोक नकोसे झालेले कपडे तिथे आणून द्यायचे आणि दुकान ते धुऊन विकायचं. २००२ सालचा नोव्हेंबर होता. अमेरिकेत येऊन मला चार महिने झाले होते आणि घरून आणलेल्या स्वेटरने तिथल्या थंडीपुढे हात टेकले होते. मी स्वेटर शोधत हँगर सरकवत होतो, तेवढ्यात तो शर्ट दिसला. पूर्ण बाह्यांचा, गुळगुळीत पॉलिस्टरचा. डावी बाजू अख्खी हिरवी, उजवी अख्खी पांढरी, मधोमध गळ्यापासून खालपर्यंत शिवण. छातीवर बिल्ला, आणि बिल्ल्यात धोटा. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो लाकडी धोटा. मी इचलकरंजीचा आहे. आमच्याकडे धोटा काय असतो हे पोराला शिकवावं लागत नाही. पण नॉर्थ कॅरोलायनात, कुणाच्या तरी उतरवलेल्या कपड्यावर तो दिसेल असं वाटलं नव्हतं. स्वेटर राहिला आणि मी तो शर्ट घेऊन बाहेर पडलो.

पुढच्या शनिवारी तो आतल्या दोन बनियनांवर चढवून मी भाजी आणायला गेलो. दुकानाच्या पार्किंगमध्ये पिशव्या गाडीत ठेवत होतो, तर साठीच्या आसपासचा एक गोरा माणूस अक्षरशः पळत माझ्याकडे आला. त्याचे उच्चार अमेरिकन नव्हते. माझ्या छातीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "तुम्ही आमचे?" मला काही कळलं नाही. पण इतक्या आनंदाने कुणी काही विचारलं की नाही म्हणवत नाही. मी म्हणालो, "जमेल तसं." एवढं त्याला पुरलं. मग वीस मिनिटं तो बोलत राहिला. इंग्लंडच्या उत्तरेतलं त्याचं गिरण्यांचं गाव, तिथला फुटबॉल क्लब, वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेली पहिली मॅच, एका गोलकीपरचं वाकडं नाक. मी योग्य ठिकाणी मान हलवत होतो. जाताना त्याने माझा खांदा घट्ट दाबला आणि म्हणाला, "इतक्या लांब आपलं माणूस भेटलं." तो पुन्हा कधी दिसला नाही.

मी गाडीत बसून राहिलो. चार महिन्यांत मला कुणी आपणहून हात लावला नव्हता. ऑफिसात हस्तांदोलनं होतात, ती धरत नाही मी. खांदा बराच वेळ गरम राहिला आणि मला रडू येईल की काय अशी भीती वाटली, म्हणून मी गाडी सुरू केली.

माझा रूममेट नागपूरचा होता. घरी आल्यावर त्याने शर्टाकडे बघून विचारलं, "हे काय घालून राहिला बे? तू आणि फुटबॉल? तुला तर कॅरमची सोंगटी नीट मारता येत नाही यार." खरं होतं ते. मी खेळातला माणूस नाहीच. शनिवारी सकाळी आमच्या ऑफिसातली सगळी मराठी-तेलुगू मंडळी शाळेच्या मैदानावर टेनिस बॉलने क्रिकेट खेळायला जायची. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा मला पाण्याच्या बाटल्यांजवळ उभं केलं आणि तिसऱ्यांदा मी गेलो नाही. राग धरणं मला चांगलं जमतं.

पण त्या शनिवारी मी कम्प्युटर लावून तो क्लब शोधून काढला. इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर धडपडणारा लहानसा क्लब. पूर्वी कापडाच्या गिरण्या होत्या, त्या बंद पडल्या आणि आता गावात क्लब तेवढा उरलाय, असं त्यांचेच लोक लिहीत होते. इंग्लंडमध्ये दुपारी तीनला मॅच सुरू व्हायची, म्हणजे कॅरीत सकाळी दहाला. रूममेट क्रिकेटला गेला की मी चहा घेऊन बसायचो आणि खरखरणाऱ्या इंटरनेट रेडिओवर त्या कधी न पाहिलेल्या मैदानावरची धावपळ ऐकायचो. अर्धं कळायचं नाही. पण शनिवार सकाळ भरून निघायची, आणि मला तेवढंच हवं होतं.

वर्षभराने रूममेटचं लग्न झालं आणि तो त्याच कॉम्प्लेक्समध्ये दुसरीकडे राहायला गेला. आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जेवायला बोलवायचे. नव्या जोडप्यात मधे बसून तिसऱ्याने वरण-भात खायचा म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्याला ठाऊक. मी निमित्तं सांगायला लागलो आणि हळूहळू त्यांनीही विचारणं सोडलं.

मग मी क्लबच्या चाहत्यांच्या इंटरनेट फोरमवर पडीक राहू लागलो. तिथे मॅचबद्दल बोलायची माझी लायकी नव्हती. पण एका धाग्यात, म्हणजे एकाच विषयावरच्या चर्चेत, लोक जुन्या शर्टांचे फोटो टाकायचे, आणि तिथे मला सूर सापडला. कपड्यातलं मला कळतं. कुठल्या हंगामात कॉलर गोल झाली, कधी बाह्यांना पट्टी आली, कधी हिरव्याची छटा गडद झाली, कोणत्या वर्षी सुती जाऊन पॉलिस्टर आलं, हे मी एकेक फोटो ताणून, मोठा करून लिहून काढायला लागलो. दोन वर्षांत माझ्याकडे असा तक्ता तयार झाला की क्लबच्या ऑफिसातही नसेल. फोरमवर मला सगळे 'कपाट' म्हणायला लागले. "कपाटाला विचारा," असं कुणी लिहिलं की माझा दिवस बरा जायचा. मला गाव मिळालं होतं. त्या गावात मी गेलो नव्हतो आणि तिथे मला कुणी पाहिलं नव्हतं, एवढं सोडलं तर बाकी सगळं गावासारखंच होतं.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा म्हणजे माझे वडील. इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसमध्ये ते डाइंग मास्तर होते. कापडाला रंग चढवायचं खातं त्यांच्याकडे. तिथे लागण्यापूर्वी तरुणपणी एका जुन्या गिरणीत, एका म्हाताऱ्या मास्तराच्या हाताखाली ते काम शिकलेले. अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. त्यांची नखं मी कधीच स्वच्छ पाहिली नाहीत. मंगळवारी निळी, गुरुवारी लाल. घरात मात्र ते बोलायचे नाहीत. बोलायचं काम आईकडे होतं. मी पुण्यात नोकरीला असताना फोन आईच घ्यायची, सगळं सांगायची, सगळं विचारायची आणि शेवटी म्हणायची, "थांब, ह्यांना देते." मग अण्णा यायचे. "जेवलास काय?" "हो." "बरं." फोन बंद.

मी अमेरिकेला यायच्या आधीच्या वर्षी आई गेली. बॅगेत मी तिचं एक मोठं पातेलं घेतलं होतं, पाच-सहा माणसांचा भात होईल एवढं, काठावर तिचं नाव टिंबाटिंबांनी कोरलेलं. रूममेट हसला होता, एवढ्या पातेल्यात एकट्यासाठी काय शिजवणार म्हणून. त्यात मी एकदा आमटी करायचो आणि आठवडाभर खायचो.

तर दर रविवारी सकाळी नऊला मी फोन करायचो. तिकडे संध्याकाळ असायची. "जेवलास काय?" "नाश्ता केला." "बरं." मग दोघंही गप्प. मागे टीव्हीचा आवाज, गल्लीतल्या मागांचा खडखडाट. मी पाऊस झाला का विचारायचो. ते म्हणायचे, झाला. महिन्यांमागून महिने असंच चाललं. कित्येक रविवार फोन ठेवल्यावर वाटायचं, की आता करूच नये, दोघांनाही त्रास. ते तिकडे एकटे, मी इकडे एकटा, आणि मधे बोलायला म्हणून काही नाही.

२००५ च्या हिवाळ्यात फोरमवर एक फोटो आला. क्लबचा पहिल्या हंगामातला, एकुलता एक उरलेला शर्ट त्यांच्या गावच्या लायब्ररीत काचेच्या पेटीत ठेवलेला होता. पेटी साफ करायला उघडली तेव्हा फोरमवरच्या एका निवृत्त पोस्टमनने त्याचे जवळून फोटो काढले. हा पोस्टमन माझा फोरमवरचा सगळ्यात जवळचा माणूस; तक्त्यासाठी अर्धे फोटो त्यानेच धुंडाळून दिलेले. वर्धापनाचा हंगाम जवळ आला होता आणि क्लब त्या पहिल्या शर्टाची नक्कल काढणार होता. प्रश्न छटेचा होता. नक्की कुठला हिरवा? कारण त्या शर्टाची हिरवी बाजू धड एकसारखी हिरवी नव्हतीच. खांद्यावर, छातीवर शेवाळी, खाली उतरत काळपट. कॉलर उलटून काढलेल्या फोटोत तर आतली बाजू पार काळी. सगळे म्हणाले, शंभर वर्षांचा मळ आहे. हिरवा का निवडला यावर तर तिथे तीन पक्ष होते. कुणी म्हणे संस्थापक आयरिश होता, कुणी म्हणे गावामागच्या टेकडीवरून घेतला, कुणी म्हणे बिलियर्डच्या टेबलाचं उरलेलं कापड स्वस्तात मिळालं. या तिघांची भांडणं मी मिटक्या मारत वाचायचो.

त्या रविवारी फोनवर पाऊसपाण्याचं झालं आणि नेहमीसारखी शांतता पडली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "अण्णा, जुना सुती हिरवा असा कुठं गडद, कुठं फिका का पडत असेल?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. "कुठला कपडा?"

मी सांगितलं. शर्ट, गाव, गिरण्या, फोटो. त्यांनी मधे मधे प्रश्न विचारले. किती जुना? उन्हात होता का पेटीत? गावात कोळसा जळायचा काय? शिवणीच्या आत कसला रंग आहे? मी फोटो मोठा करून बघून उत्तरं दिली. शेवटी मी म्हणालो, "कॉलरच्या आत काळा आहे, पण तो मळ आहे म्हणतात."

"मळ आतनं कसा साठंल?" अण्णा म्हणाले. "मळ बाहेरनं बसतोय. आत हाय तोच खरा रंग. तुझा शर्ट काळा हाय."

मग ते बोलायला लागले. जुन्या काळात सुतावर काळा चढवायची एक रीत होती. रंग झकास यायचा, पण हवेत कोळशाचा धूर असला, घामाचं आम्ल लागलं, की वर्षा-दोन वर्षांत हिरवा पडायला लागायचा. आमच्याकडे छत्रीचं कापड असंच काळं करत. "जुनी छत्री बघितली नाहीस काय, घडीवर हिरवी पडती ती? तेच हे." त्यांच्या म्हाताऱ्या मास्तराने त्यांना कसोटीसुद्धा शिकवली होती. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवायचा, आतल्या कोपऱ्यावर एक थेंब सोडायचा. खरा हिरवा असेल तर तसाच राहील. हिरवा पडलेला काळा असेल तर थेंबाच्या जागी पुन्हा काळपट होईल. "त्यास्नी सांग, थेंब टाकून बघा म्हणावं."

फोन ठेवला तेव्हा पंचावन्न मिनिटं झाली होती. जन्मात अण्णा माझ्याशी इतकं बोलले नव्हते. मी तसाच खुर्चीत बसलो होतो आणि मला हसू येत होतं, एकट्यालाच, वेड्यासारखं.

पुढचे दोन महिने रविवार उजाडायची मी वाट बघायचो. अण्णा आठवडाभर विचार करून ठेवायचे. एकदा म्हणाले, पहिले शर्ट काळे-पांढरे असतील, धुराने हिरवे पडले असतील, आणि पुढची ऑर्डर देणाऱ्याने आहेत तसेच द्या म्हणून हिरवे मागवले असतील. "आमच्याकडं पण गिऱ्हाईक उडालेला नमुना आणून देतंय आणि हाच शेड पाहिजे म्हणतंय." म्हणजे एका क्लबचा सगळा हिरवा अभिमान एका बिघडलेल्या काळ्यातून आलेला. मी ते सगळं सविस्तर लिहून काढलं. छत्रीसकट, सोड्याच्या थेंबासकट. शेवटी लिहिलं, की ही माहिती माझ्या वडिलांची आहे, त्यांची हयात रंगात गेली. आणि फोरमवर टाकलं.

दोन दिवस कुणी काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सुरू झालं. एकाने लिहिलं, कपाट, तू अमेरिकेत बसतोस, भारतातला आहेस, एकदाही मैदानावर आला नाहीस, आणि आमचा रंग चुकला म्हणून आम्हाला सांगतोस? दुसऱ्याने विचारलं, तुझे वडील छत्र्या रंगवतात ना, मग छत्र्यांबद्दल लिही. लायब्ररीवाले थेंब टाकू देणार नव्हतेच, ते त्यांचं बरोबर होतं. पोस्टमनने मला वेगळं पत्र लिहिलं. त्याने लिहिलं होतं, तुझे वडील बहुतेक बरोबर आहेत. पण माझ्या वडिलांना आम्ही हिरवा मफलर गुंडाळून पुरलं आहे. हे राहू दे. दुसऱ्या दिवशी तो धागा कुलूपबंद झाला. कपाटाला कुणी काही विचारेनासं झालं.

मला फार लागलं ते. राग तर आलाच. दोन दिवस मी ऑफिसात कुणाशी धड बोललो नाही. पण रागापेक्षा जास्त एकटं वाटलं. एक गाव होतं, ते गेलं. आणि पोस्टमनवर तर रागावताही येईना. शनिवारी दहा वाजता मी रेडिओ लावला नाही. घर इतकं शांत होतं की फ्रिजची घरघर ऐकू येत होती.

रविवारी फोन उचलल्या उचलल्या अण्णांनी विचारलं, "काय म्हणाली ती माणसं?" जेवलास काय, हे विचारायलाही ते विसरले होते.

मी म्हणालो, "पटलं त्यांना."

हे मी का बोललो याची पुष्कळ कारणं मी पुढे स्वतःला दिली. खरं कारण एकच. 'नाही पटलं' म्हटलं असतं तर अण्णा 'बरं' म्हणाले असते, आणि आमचं पुन्हा पाऊसपाणी सुरू झालं असतं.

"थेंब टाकला काय?"

"टाकला. काळा झाला."

काळा झाला, असं ते स्वतःशीच एकदा म्हणाले. मग म्हणाले, "म्हातारं मास्तर पाहिजे होतं आज." आणि मग, "मग आता काळा करणार काय ते?"

"हो. वर्धापनाच्या हंगामापुरता. काळा-पांढरा."

पुढच्या रविवारपर्यंत सगळ्या प्रोसेस हाऊसला, चहाच्या टपरीला आणि गल्लीला कळलं होतं की विलायतेतल्या एका टीमने मास्तरांना विचारून रंग बदलला. अण्णा हे सांगताना आवाज साधा ठेवायचा प्रयत्न करत होते, तो त्यांना जमत नव्हता. शेवटी म्हणाले, "एक मागव मला. पैसं देतो मी. दाखवाय तरी हुईल."

झालं. आता काळा-पांढरा शर्ट आणायचा कुठून? क्लबने वर्धापनाला काढला तो हिरवाच. नक्कल म्हणून सुती काढला होता, छान होता, पण हिरवा. मला भारतात जाऊन तोंडासमोर सांगताही येत नव्हतं. व्हिसाचे कागद अडकले होते, बाहेर गेलो असतो तर परत यायची खात्री नव्हती. महिना गेला, दोन गेले. अण्णा दर रविवारी विचारायचे, निघाला काय शर्ट? मी म्हणायचो, रंगवायला उशीर होतोय. ते म्हणायचे, काळा घाईनं करू नये, बरोबर हाय त्यांचं.

तेवढ्यात माझा जुना रूममेट मेव्हणीच्या लग्नाला नागपूरला निघाला. आमच्याकडे कुणी भारतात निघालं की त्याच्या बॅगेत दहा घरचं सामान जातं. मी त्याला म्हणालो, माझं एक छोटं पार्सल आहे, तिथून इचलकरंजीला कुरिअर कर. तो म्हणाला, "दे ना यार. पण गुरुवारी संध्याकाळपर्यंत दे, बायको बॅगचं वजन करून सील करून राहिली."

हातात पाच दिवस होते. मी हस्तकलेच्या सामानाच्या दुकानातून काळ्या रंगाच्या पुड्या आणल्या, आईचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि माझा तो पहिला शर्ट, पार्किंगमध्ये घातलेला, हिरवी बाजू काळी होईल म्हणून त्यात बुडवला. पांढऱ्या बाजूला प्लास्टिक गुंडाळलं होतं. तासाभराने बाहेर काढला. हिरवा होता तसाच हिरवा, आणि प्लास्टिकमधून पाणी शिरून पांढरी बाजू राखेसारखी झालेली. पॉलिस्टरवर सुती रंग चढत नाही, नुसता मळवतो, हे इचलकरंजीत शेंबड्या पोराला माहीत असतं. डाइंग मास्तरचा मुलगा इंजिनिअर होऊन एवढं विसरला होता. तो शर्ट हातात धरून मी स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि खरोखर रडलो. त्या शर्टामुळे मला त्या देशात पहिल्यांदा कुणीतरी 'आपलं माणूस' म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी जाड सुताचे, पूर्ण बाह्यांचे दोन पांढरे शर्ट आणले. एक पातेल्यात सोडला. पुडीवर लिहिलं होतं तसं मीठ टाकलं, लाकडी चमच्याने ढवळत राहिलो. अण्णा असं ढवळताना मी लहानपणी पाहिलं होतं, फक्त त्यांची पातेली माणूस बुडेल एवढी होती. काळा चढला. बऱ्यापैकी चढला. धुऊन, पिळून, बाथरूममध्ये वाळत टाकला. बुधवारी मॉलशेजारच्या ड्रायक्लीनरकडे गेलो. तिथे कपडे दुरुस्त करणारी एक कोरियन बाई होती. तिला सांगितलं, दोन्ही मधोमध कापा आणि काळ्याचा डावा भाग पांढऱ्याच्या उजव्याला जोडा. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि कात्री उचलली. बिघडलेल्या शर्टावरचा धोट्याचा बिल्ला मी स्वतः ब्लेडने उसवून नेला होता, तो तिने छातीवर लावून दिला. गुरुवारी संध्याकाळी पार्सल रूममेटच्या बॅगेत गेलं.

पातेलं मी तीनदा घासलं. आतून लख्ख झालं. काठावर आईच्या नावाच्या टिंबांमध्ये मात्र काळा जाऊन बसला होता. टाचणीनेसुद्धा निघेना.

तीन आठवड्यांनी, रविवारी, मी फोन लावला. अण्णांनी फोन घेतला. "जेवलास काय?"

पुन्हा तिथेच आलो होतो. "हो," मी म्हणालो.

"शर्ट पोचला," ते म्हणाले. "दाखवला सगळ्यास्नी. टपरीवाला म्हणाला, मास्तर, घालून फोटो काढा. काढला." टीव्ही बंद होता. "रंग बरा चढलाय. मीठ कमी पडलं."

मी खुर्ची ओढून खाली बसलो.

"बोट ओलं करून घासलं की लागतंय हाताला. मीठ एकदम टाकायचं नसतंय, तीन वेळा टाकायचं, थोडं थोडं. आणि उतरवल्यावर पिळू नये. काखेत बघ, पिळल्याचं वळ दिसत्यात."

"अण्णा," मी म्हणालो, "त्या लोकांनी..."

"नसंल ऐकलं," ते म्हणाले. "कुणाचा रंग कोण सोडतंय? मी पण न्हाई सोडला असता." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "काळा खरा हाय, एवढं तुला ठावं हाय न्हवं? बास."

मला हुंदका आवरेना आणि त्यांनी तो ऐकला असणार, कारण ते पुढे बोलत राहिले. पाणी किती घेतलं, उकळी आली होती का, किती वेळ ढवळलं, सगळं विचारलं. मी एकेक सांगत गेलो. पुढच्या वेळी काय करायचं तेही त्यांनी सांगितलं, आणि मी समोरच्या पाकिटावर ते लिहून घेतलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "आणि रंगवलास कशात? तिकडं एवढं मोठं भांडं कुठनं मिळालं?"

"आईच्या पातेल्यात," मी म्हणालो. "घासलं मी नंतर. पण नावात बसलाय काळा. निघत नाही."

गल्लीतले माग खडखडत होते.

"नको काढूस," अण्णा म्हणाले. "तिथं चांगला चढलाय."